झिनफँडेल आणि अण्णांचे दोन एकर

आई-अण्णा इकडे यायचे ठरले की आमच्या घरात एक ठरलेला कार्यक्रम असतो. विमानाच्या आदल्या शनिवारी स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटातल्या बाटल्या खोक्यात जातात, खोकं गॅरेजमध्ये जातं आणि त्याच्यावर जुन्या प्रिंटरचं रिकामं खोकं ठेवलं जातं. मग कपाट फडक्यानं पुसून तिथे डाळी-तांदळाचे डबे. बे एरियातल्या निम्म्या मराठी घरांत हेच होत असणार, फक्त कबूल कुणी करत नाही :)

2019 च्या ऑगस्टमध्येही तसंच झालं. आमचे अण्णा माळकरी. निफाड तालुक्यातले द्राक्षवाले शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, चहाशिवाय दुसरं व्यसन नाही. त्यांना एकच गोष्ट जमत नाही, ती म्हणजे नुसतं बसणं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मागच्या अंगणातलं गवत काढलं, दुसऱ्या आठवड्यात नातवाच्या सायकलला तेलपाणी केलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांची नजर गॅरेजकडे वळली.

शुक्रवारी ऑफिसातून घरी आलो तर डायनिंग टेबलवर मधोमध एक बाटली उभी. शेजारी चष्मा लावून अण्णा. आई स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा जास्त. मी मनातल्या मनात भाषण जुळवायला लागलो. "अण्णा, इथल्या थंडीत..." (ऑगस्टमध्ये!) वगैरे वगैरे. पण अण्णा चिडलेले नव्हते. त्यांनी लेबलवरच्या एका शब्दावर बोट ठेवलं होतं. त्यांना इंग्रजी फारसं वाचता येत नाही, पण हा एक शब्द त्यांना पाठ होता. एकेकाळी त्यांनी तो करारावर सही करताना पाहिला होता.

"हे झिनफँडेल म्हणजे आपण लावलं होतं तेच का रे?"

तेच होतं.

थोडं मागे जायला हवं. 2000 च्या आसपास नाशिक भागात वाइनचं वारं आलं. राजीव सामंत इथली, म्हणजे कॅलिफोर्नियातली, ओरॅकलमधली नोकरी सोडून नाशिकला परत गेले होते. सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना हाताशी धरून त्यांनी सुला उभी केली आणि 2000 साली तिची पहिली वाइन बाजारात आली. 2001 साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं. मग गावोगाव चर्चा सुरू. खायच्या द्राक्षाला डिपिंग करा, विरळणी करा, प्रत्येक मणी मोत्यासारखा करा, आणि शेवटी व्यापारी भाव पाडणार. वाइनच्या द्राक्षाला म्हणे यातलं काही लागत नाही आणि भाव आधीच ठरलेला. त्या काळात बऱ्याच लहान-मोठ्या वायनऱ्या निघाल्या. त्यातल्या एकीशी अण्णांनी करार केला आणि 2005 साली थॉमसनची दोन एकर बाग काढून तिथे झिनफँडेल लावलं.

माळकऱ्यानं दारूचं द्राक्ष लावलं म्हणून गावात बरीच थट्टा झाली. अण्णांचं उत्तर ठरलेलं असे : "मी द्राक्ष लावतो. पुढं त्याचं काय करायचं ते करणारा बघेल."

दोन-तीन हंगाम बरे गेले. मग 2008 ची मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइन टाक्यांमध्येच पडून राहिली. वायनऱ्यांनी द्राक्षं घेणं कमी केलं, पैसे थकले आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या. अण्णांनीही 2010 च्या एप्रिलमध्ये उपटली. मी तेव्हा इकडे होतो. फोनवर मला एवढंच कळलं : "बाग काढली." का? "परवडत नव्हती." मला ते पटलंही. आकडे मीही वाचत होतो.

खरं कारण त्या शुक्रवारी रात्री, बाटली समोर ठेवून कळलं. शेवटच्या हंगामात वायनरीचा माणूस बागेत आला, त्यानं चार घड उलटेपालटे करून पाहिले आणि माल नाकारला. एकाच घडात काळे मणी, हिरवे मणी आणि सुकून मनुका झालेले मणी. "तुमचं बागेकडं लक्ष नाही," असं तो म्हणाला. ज्या माणसानं वीस वर्षं निर्यातीचा माल पिकवला, ज्याचा घड बघायला शेजारच्या गावातून लोक यायचे, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. ती वायनरीही पुढे बंद पडली. पण ते वाक्य राहिलं.

"पाणी कमी-जास्त झालं असेल, छाटणी चुकली असेल," अण्णा म्हणाले. "माझंच काहीतरी चुकलं. नंतर त्या पिकात मन लागलं नाही."

मी काय बोलणार? मला वाइन प्यायला येत होती, पण झिनफँडेल पिकतं कसं हे मला ठाऊक नव्हतं. सात-आठ वर्षं त्याच्या बाटल्या आणत होतो आणि हा प्रश्न कधी पडला नव्हता.

रविवारी आम्ही लोडायला गेलो. फ्रीमाँटहून दीड-दोन तास. ऑल्टामाँटच्या पवनचक्क्या मागे टाकल्या की सेंट्रल व्हॅलीची सपाट जमीन लागते आणि हवा एकदम निफाडच्या मार्चसारखी होते. लोडाय स्वतःला झिनफँडेलची जागतिक राजधानी म्हणवून घेतं. तिथल्या एका छोट्या वायनरीत मी आधी दोनदा गेलो होतो. मालक सत्तरीचा, तिसऱ्या पिढीतला शेतकरी. फोन करून सांगितलं, वडील द्राक्षवाले आहेत, वाइन पीत नाहीत, बाग दाखवाल का? तो म्हणाला, तोडणी सुरू आहे, लवकर या.

ती बाग बघून अण्णा जागच्या जागीच थांबले. तिथे मांडव नव्हता. तारा नाहीत, अँगल नाहीत, ओलांडे नाहीत. मांडीएवढ्या जाड, वेड्यावाकड्या, बाभळीच्या खोडासारख्या बुंध्यांची कमरेएवढी झुडपं एकेकटी उभी. डोक्यावर पानांचं छप्पर आणि आत लपलेले काळे घड.

"किती वर्षांची?"

"शंभरच्या वर," मी विचारून सांगितलं.

अण्णांचा विश्वास बसेना. आमच्याकडे बाग पंधरा-वीस वर्षं चालली की म्हातारी झाली. त्यालाही कारण आहे. आपल्याकडे थंडीत वेल झोपत नाही. वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, म्हणजे वेलीला सुट्टीच नाही. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांसारखंच.) इथे हिवाळ्यात ती तीन-चार महिने गाढ झोपते. शिवाय लोडायची माती रेताड. द्राक्षाच्या मुळांना खाणारा फायलोक्झेरा नावाचा किडा रेतीत फारसा वाढत नाही, म्हणून इथले कितीतरी जुने वेल अजून स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. अण्णांनी पहिल्यांदा वाकून बुंध्याशी कलमाचा सांधा शोधला होता. आमच्याकडे डॉगरीजच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग उभी राहत नाही. इथे सांधाच नव्हता.

मग त्यांनी मला जरा विचित्र प्रश्न विचारायला लावला : "शंभर वर्षांत कधी तोट्यात गेली नाही का? तेव्हा उपटली का नाही?"

मालकानं याचं उत्तर सावकाश दिलं आणि मी त्याचं भाषांतर करत गेलो. तोट्यात गेली की! 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती. वायनऱ्या बंद झाल्या, पण कायद्यात एक फट होती. घरात वर्षाला 200 गॅलनपर्यंत फळांचा रस करायला परवानगी होती. तो रस पुढे आंबला तर कोण बघायला येतंय? त्यामुळे झिनफँडेलची द्राक्षं आगगाड्या भरभरून पूर्वेकडच्या शहरांत जायची, घरी वाइन करणाऱ्या इटालियन कुटुंबांसाठी. बागा त्यावर जगल्या. पुढे 1970 च्या दशकात लोकांना लाल वाइनचा कंटाळा आला आणि पुन्हा वेल उपटायची पाळी आली. तेव्हा सटर होम नावाच्या वायनरीत 1975 साली एका टाकीतलं आंबवणं मध्येच थांबलं. साखर शिल्लक राहिली, फिकट गुलाबी, गोडसर पेय तयार झालं आणि ते प्रचंड खपलं. तीच व्हाइट झिनफँडेल. जाणकार तिला नाकं मुरडतात (मीही मुरडायचो), पण त्या गुलाबी सरबतामुळे हे म्हातारे वेल वाचले.

अण्णा म्हणाले, "म्हणजे कुणीतरी माल घेत राहिलं."

एवढंच. पण ते ज्या पद्धतीनं म्हणाले ते माझ्या लक्षात राहिलं.

बोलता बोलता त्यांनी सवयीनं एक घड तळहातावर घेतला, उलटा केला आणि गप्प झाले. मला खुणेनं बोलावलं. घडात काळेभोर मणी होते. त्यांच्यामध्ये चार-पाच हिरवट-गुलाबी, कडक. आणि आतल्या बाजूला सुकून सुरकुतलेले मनुके. त्यांनी दुसरा घड पाहिला. तिसरा. पुढच्या ओळीतला चौथा.

"याच्याकडं बी तसंच आहे."

"विचारू?"

"विचार. म्हणावं, तुमचं बागेकडं लक्ष नाही का."

मी जरा सौम्य करून विचारलं. म्हातारा खो खो हसला. म्हणाला, झिनफँडेल असंच पिकतं. माझ्या आजोबांच्या वेळीही असंच पिकायचं. घडात सगळे मणी एका दिवशी तयार झाले तर मला भीती वाटेल की हे दुसरंच काहीतरी लावलंय. ज्याला सगळं एकसारखं हवं असेल त्यानं कॅबर्नेट लावावं.

अण्णांनी मला परत एकदा विचारायला लावलं. त्यानं परत तेच सांगितलं. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे, हा बग नाही, फीचर आहे. हजार वेळा ऐकलाय. त्या दिवशी पहिल्यांदा तो विनोद वाटला नाही.

"नऊ वर्षं मला वाटत होतं, माझं चुकलं," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "त्या लोकांना हे माहीत नसेल का रे?"

असेल. बहुतेक असणारच. टाक्या भरलेल्या होत्या, माल घ्यायचा नव्हता, कारण शोधायचं होतं. पण हे मी तेव्हा बोललो नाही. म्हातारा खिशातून ब्रिक्स मीटर काढत होता आणि दोघेही आळीपाळीनं त्यात डोळा लावून बघण्यात गुंग झाले होते. भाषेची गरज उरली नव्हती.

परतीच्या वाटेवर गाडीत अण्णांनी विचारलं, हे द्राक्ष मूळचं कुठलं? सांगितलं तर हसाल, असा त्याचा इतिहास आहे. कॅलिफोर्नियावाले कितीतरी वर्षं ते आपलंच समजत होते. खरं तर 1820 च्या दशकात ते ऑस्ट्रियातून न्यूयॉर्कच्या बाजूला आलं आणि सोन्यामागे धावणाऱ्या गर्दीच्या काळात इकडे पोचलं. इटलीत प्रिमितीव्हो नावाचं एक द्राक्ष होतं, तेही हेच, हे डीएनएवरून नक्की झालं. मग मूळ घर कुठलं? डेव्हिसच्या विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियातले इव्हान पेयिच व एदी मालेतिच यांनी शोध घेतला. 2001 साली क्रोएशियाच्या किनाऱ्यावर कास्तेल नोव्ही गावातल्या एका जुन्या बागेत मोजके वेल सापडले, डीएनए तंतोतंत जुळला. तिथे त्याचं नाव होतं त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की. (हे तीनदा म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून एक बाटली.) पुढे त्याचं त्याहून जुनं नावही मिळालं, त्रिबिद्राग. एकच कोड, चार ठिकाणी चार नावं, आणि प्रत्येक जण म्हणतोय की मूळ लेखक मीच.

असो. तर आता झिनफँडेल निवडायची कशी? लोडायच्या त्या बागेनंतर माझी पद्धतच बदलली. आधी मी लेबलवरची चित्रं बघायचो.

पहिली गोष्ट, अल्कोहोलचा आकडा. झिनफँडेलच्या बाटलीवर सगळ्यात खरं बोलणारी जागा ती. का, ते त्या घडात आहे. हिरवे मणी पिकायची वाट बघावी तर काळ्यांचे मनुके होतात. मनुके व्हायच्या आत तोडावं तर हिरवे राहतात. म्हणजे प्रत्येक बागवाल्याला कुठेतरी तडजोड करावी लागते आणि ती तडजोड साखरेत उतरते. साधारण हिशेब असा की ब्रिक्सला 0.6 नं गुणलं की अल्कोहोलचे टक्के येतात. 24 ब्रिक्स म्हणजे चौदाच्या थोडं वर. आणि गंमत म्हणजे द्राक्षं चिरडली त्या दिवशी मीटर जे दाखवतं त्यावर विश्वास ठेवता येत नाही. मनुके रसात एक-दोन दिवस भिजतात आणि मग आतली साखर सोडतात, की आकडा वर! मी हे कुठेतरी वाचून मोठ्या उत्साहानं अण्णांना सांगितलं, तर आईच मागच्या सीटवरून म्हणाली, "रात्री मनुके भिजत घालून सकाळी तुला पाणी द्यायचे, ते काय उगाच?"

तर 13.5 ते 14.5 च्या आसपासची बाटली म्हणजे लवकर तोडलेली. आंबटपणा टिकलेला, मिरी आणि रानटी बोरांचा स्वाद, जेवणाबरोबर चांगली. 15.5 च्या पुढे म्हणजे उशिरा तोडलेली, मनुके भरपूर. दाट, जॅमसारखी, घशात ऊब देणारी. वाईट दोन्ही नाहीत, पण आपल्याला काय हवंय ते ठरवून घ्यावं. आणि अमेरिकेतल्या नियमानुसार 14 च्या वरच्या वाइनला लेबलवर एक टक्क्याची सूट असते. म्हणजे छापलेले 15 हे खरे 16 ही असू शकतात. दुसऱ्या ग्लासानंतर हे आठवावं.

दुसरी गोष्ट, प्रदेश. लोडायची झिनफँडेल मऊ, गोलसर. सोनोमातल्या ड्राय क्रीक व्हॅलीची जास्त काटेकोर, मिरपुडीची. सिएराच्या पायथ्याच्या अमाडोरची राकट. पहिलीच बाटली घेत असाल तर ड्राय क्रीक किंवा लोडायची घ्या, वीस-पंचवीस डॉलरमध्ये खूप चांगली मिळते. इटलीची प्रिमितीव्हो त्याहून स्वस्तात मिळते आणि भावंडासारखीच लागते.

तिसरी गोष्ट, "ओल्ड व्हाइन" हे शब्द. अमेरिकेतल्या कायद्यात त्यांची व्याख्याच नाही. शंभर वर्षांच्या वेलीवरही ते छापता येतात आणि तीस वर्षांच्याही. म्हणून नुसत्या शब्दांवर जाऊ नका, बागेचं नाव किंवा लागवडीचं साल दिलंय का ते बघा. आणि लेबलवर झिनफँडेल लिहायला 75 टक्के झिनफँडेल पुरतं. उरलेलं काय? जुन्या बागांत पेटीट सिरा, कारिन्यान असे वेल सरमिसळ लावलेले असत आणि सगळं एकत्रच तोडलं जाई. ही भेसळ नव्हे, शहाणपण आहे. झिनफँडेलला जे कमी पडतं, रंग आणि कणा, ते बाकीचे पुरवतात. रिजसारखी वायनरी लेबलवर कुठल्या द्राक्षाचे किती टक्के ते सरळ छापते. त्यांच्या गायझरव्हिलमध्ये झिनफँडेल काही वर्षी 75 टक्क्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून ते नावच लिहीत नाहीत. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

आता वाढायची कशी. यात मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. गॅरेजमधलं ते खोकं आठवतंय ना? तीन आठवडे ऑगस्टच्या उकाड्यात, पत्र्याच्या दाराला लागून. त्यातल्या बऱ्याच बाटल्या अक्षरशः शिजल्या होत्या. एकीचं बूच वर आलं होतं, दुसरीला शिजवलेल्या आलुबुखाराचा शिळा वास. लाज झाकायची किंमत साधारण दीडशे डॉलर.

वाइन थंड आणि अंधाऱ्या जागी आडवी ठेवावी. लाल वाइन "रूम टेंपरेचर"ला प्यायची असते म्हणतात, पण ती रूम म्हणजे युरोपातली जुनी दगडी खोली. आपली नव्हे. झिनफँडेल 16 ते 18 अंशांवर हवी. गरम झाली की अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी सगळे वास त्याखाली दडपतात. सोपा उपाय : प्यायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये. पाहुण्यांना नवल वाटेल, वाटू दे. ग्लास मोठा, ओतायची मात्र एक तृतीयांश. डिकँटर वगैरेची गरज नाही. वर्षानुवर्षं जपून ठेवायचीही नाही, बहुतेक झिनफँडेल तीन-चार वर्षांतच छान असते. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस टिकते.

जेवण? इकडचे लोक बार्बेक्यूबरोबर पितात. माझं मत विचाराल तर भरली वांगी. दाण्याचं कूट, सुकं खोबरं, गूळ-चिंच आणि गोडा मसाला, यांचं आणि झिनफँडेलचं जुनं नातं असल्यासारखं जमतं. भाजलेल्या वांग्याचं भरीतही. फक्त तिखट बेतानं. अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते, त्यामुळे काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर सोळा टक्क्यांची वाइन म्हणजे आगीत तेल. त्या दिवशी सरळ ताक प्या.

त्या रविवारी रात्री आईनं भरली वांगीच केली होती. मी लोडायच्या म्हाताऱ्याकडून एक बाटली आणली होती, 14.5 टक्के. कपाटात लपवण्यात आता अर्थ नव्हता. बायकोनं आणि मी दोन ग्लास घेतले. पहिल्यांदाच, आई-वडिलांसमोर. हात जरा जडच झाला होता. अण्णा थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "दे बघू इकडं."

सगळे गप्प. त्यांनी ग्लास उजेडात धरला, तिरका केला, रंग पाहिला. मग दुसऱ्या हातानं गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली आणि ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ.

"मनुके," ते म्हणाले. "जांभूळ. आणि शेवटाला मिरी."

आईनंही वास घेतला. "मला तर काढ्यासारखाच येतोय," ती म्हणाली, आणि सगळे हसलो. अण्णांनी ग्लास ओठाला न लावता माझ्यापुढे सरकवला. मला वाटतं मीही त्यांना आग्रह केला नाही हेच बरं झालं.

"आपली अशी झाली असती का रे?"

काय सांगणार? निफाडची हवा वेगळी, माती वेगळी, तोडणी फेब्रुवारीतली. अशीच झाली असती असं म्हणणं खोटं ठरलं असतं. मी म्हटलं, "अशीच नाही. पण आपली झाली असती."

त्यांनी मान हलवली आणि वांग्याला हात घातला.

आता दर शनिवारी त्यांचा फोन येतो. हवा, भुरी, बेदाण्याचा भाव, नातवाचा अभ्यास, सगळं झालं की हळूच प्रश्न येतो : "या वेळी कुठली आणलीस?" मी दुकानातच असलो तर व्हिडिओवर बाटली दाखवतो. त्यांना नावात रस नसतो.

"टक्के किती?"

"15.8."

"नको. उशिरा तोडलाय. मजूर मिळाला नसेल वेळेवर. दुसरी बघ."

आणि आयुष्यात ज्यानं वाइनचा एक थेंब घेतलेला नाही, त्या माणसाच्या शब्दावर मी बाटली परत फळीवर ठेवतो. अजून तरी त्यांची निवड चुकलेली नाही.